आवळा दिला, कोहळा कसा आला? इग्निक सिकुमी विहिरीचा हिशेब

अलास्काच्या उत्तर टोकाला विहीर खणायची तर आधी जमीन गोठायची वाट पाहावी लागते. उन्हाळ्यात तिथला टुंड्रा म्हणजे नुसती डबकी आणि चिखल. त्यावर अवजड यंत्रं उतरवता येत नाहीत. हिवाळा लागला की पाणी आणि बर्फाचा चुरा थरावर थर गोठवून बर्फाचाच चौथरा बांधतात, त्यावर रिग, म्हणजे खोदाईचं यंत्र, उभी करतात आणि चौथरा वितळायच्या आत गाशा गुंडाळतात. २०११ च्या एप्रिलमध्ये प्रुडो बे तेलक्षेत्रात अशाच एका चौथऱ्यावरून एक विहीर खणली गेली. नाव इग्निक सिकुमी. इनुपियाक भाषेत त्याचा अर्थ 'बर्फातली आग'.

पुढच्या हिवाळ्यात याच विहिरीत एक प्रयोग झाला. जमिनीखालच्या मिथेन हायड्रेटमध्ये, म्हणजे मिथेन वायू कोंडलेल्या बर्फासारख्या पदार्थात, कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि त्याच्या बदल्यात मिथेन बाहेर काढायचा. प्रयोगशाळेत ही अदलाबदल कित्येकदा झाली होती. खऱ्या साठ्यात ती पहिल्यांदाच करून पाहिली जात होती. अमेरिकेचं ऊर्जा खातं, कोनोकोफिलिप्स ही तेलकंपनी आणि जपानची सरकारी संस्था जोगमेक असे तिघे मिळून हे काम करत होते.

प्रयोग संपल्यावरची बातमी एका ओळीची होती: यशस्वी. आत सुमारे २ लाख १६ हजार घनफूट वायू सोडला, बाहेर ८ लाख ५५ हजार घनफूट मिथेन आला. आवळा देऊन कोहळा काढला म्हणायचं. माझ्या मते या प्रकरणातली खरी अडचण याच आकड्यात आहे. अदलाबदल म्हणजे एकास एक. मग चौपट कुठून आलं?

कल्पना मोहक का होती

हायड्रेट हे साधं बर्फ नव्हे. थंडी आणि दाब एकत्र आले की पाण्याचे रेणू वायूच्या रेणूंभोवती पिंजरे रचतात. मिथेनच्या बाबतीत रचना अशी: पाण्याच्या ४६ रेणूंचे मिळून ८ पिंजरे, त्यात २ लहान आणि ६ मोठे. मिथेनचा रेणू दोन्हींत मावतो. पिंजरे पूर्ण भरलेले असले तर एक घनमीटर हायड्रेटमधून साधारण १६४ घनमीटर वायू निघतो आणि मागे जेमतेम ०.८ घनमीटर पाणी उरतं.

हा वायू काढायची सरळ वाट म्हणजे साठ्यातला दाब उतरवणं. दाब उतरला की पिंजरे मोडतात. पण पिंजरा मोडायला उष्णता लागते आणि ती आसपासच्या वाळूतूनच ओढून घेतली जाते, त्यामुळे साठा गार पडत जातो. शिवाय हायड्रेट हेच अनेकदा त्या वाळूचं सिमेंट असतं. ते वितळलं की सुटी वाळू आणि पाणी विहिरीकडे धाव घेतात.

कार्बन डायऑक्साइडची युक्ती या सगळ्या दुखण्यांवर एकदम लागू पडते, निदान कागदावर. सुमारे ५ अंश सेल्सियसला मिथेनचं हायड्रेट टिकायला ४३ बारच्या आसपास दाब हवा (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब). कार्बन डायऑक्साइडच्या हायड्रेटला त्याच्या जवळपास निम्मा पुरतो. म्हणजे पिंजऱ्याला पाहुणा निवडायला सांगितला तर तो कार्बन डायऑक्साइड निवडेल. वर, त्याचं हायड्रेट बनताना जी उष्णता बाहेर पडते ती मिथेनचं हायड्रेट मोडायला लागणाऱ्या उष्णतेपेक्षा थोडी जास्तच असते. म्हणजे बाहेरून उष्णता द्यायची गरज नाही, पिंजरा मोडत नाही, पाणी सुटत नाही, वाळू जागची हलत नाही. मिथेन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड कायमचा गाडला जातो. एका दगडात दोन पक्षी.

यातली एक मर्यादा आधीपासून माहीत होती. कार्बन डायऑक्साइडचा रेणू लहान पिंजऱ्यात नीट बसत नाही. तेव्हा आठपैकी सहाच पिंजरे रिकामे होणार, म्हणजे फार तर पाऊण मिथेन हाती येणार. २००६ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी यावर तोड काढली: सोबत नायट्रोजन पाठवा, तो लहान पिंजऱ्यांतला मिथेन हुसकावतो. प्रयोगशाळेत त्यांना ८५ टक्क्यांपर्यंत मिथेन काढता आला.

नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी कोनोकोफिलिप्सबरोबर जे प्रयोग केले ते तर पाहण्याजोगे. वालुकाश्माचा एक छोटा दंडगोल घ्यायचा, त्यात पाणी आणि मिथेन भरून दाबाखाली गार करायचा आणि हे सगळं एमआरआय यंत्राच्या आत. एमआरआयला द्रव पाण्यातला हायड्रोजन दिसतो, घट्ट झालेल्या हायड्रेटमधला दिसत नाही. त्यामुळे हायड्रेट बनत जातं तशी प्रतिमा काळी पडत जाते. मग कार्बन डायऑक्साइड सोडायचा. पिंजरे मोडून पाणी सुटलं असतं तर प्रतिमा उजळली असती. पाण्याचा तसा संकेत आलाच नाही आणि मिथेन मात्र बाहेर पडत राहिला. एवढं पाहिल्यावर प्रत्यक्ष साठ्यात हात घालून बघावासा वाटला नसता तरच नवल.

साठ्यातलं मोकळं पाणी

निवडलेला थर साधारण ६९० मीटर खोल होता. त्यातल्या नऊएक मीटरच्या पट्ट्यावर विहिरीच्या नळीला भोकं पाडली गेली. दाब ७० बारच्या आसपास, तापमान ५ अंश. वाळूच्या पोकळ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जागा हायड्रेटने व्यापलेली. उरलेल्या जागेत पाणी होतं आणि त्यातलं काही मोकळं, वाहू शकणारं.

सगळा घोळ या मोकळ्या पाण्यापाशी सुरू होतो. शुद्ध कार्बन डायऑक्साइड आत सोडला असता तर तो आधी या पाण्याला भेटला असता आणि तिथल्या तिथे नवं हायड्रेट बनवून मोकळा झाला असता. म्हणजे पोकळ्यांत उरलीसुरली वाटही बंद आणि विहिरीच्या तोंडाशी बूच. शिवाय त्या तापमानाला आणि दाबाला शुद्ध कार्बन डायऑक्साइड वायू न राहता द्रव होतो.

म्हणून मिश्रण ठरलं: ७७.५ टक्के नायट्रोजन, २२.५ टक्के कार्बन डायऑक्साइड. नायट्रोजन पुढे होऊन मोकळं पाणी ढकलेल, कार्बन डायऑक्साइड पातळ असल्याने लगेच बूच बसणार नाही आणि लहान पिंजऱ्यांचीही सोय होईल. अभियंत्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. पण इथे प्रयोगाचा स्वभावच बदलला. 'कार्बन डायऑक्साइड देऊन मिथेन घेणं' असं म्हणत आत सोडलं त्यातला तीन चतुर्थांशांहून जास्त भाग नायट्रोजन होता.

आणि नायट्रोजन हा हायड्रेटच्या दृष्टीने अगदी बेभरवशाचा पाहुणा. त्याचं स्वतःचं हायड्रेट टिकायला शून्य अंशालासुद्धा १६० बारच्या आसपास दाब लागतो. मिथेन हायड्रेटभोवती नायट्रोजन खेळता राहिला की आसपासच्या वायूत मिथेनचा वाटा घटतो आणि तो भरून काढण्यासाठी हायड्रेट विरघळायला लागतं. बाहेरचा दाब तेवढाच राहिला तरी हे होतं. ही अदलाबदल नव्हे. हायड्रेटला बाहेरून पोखरणं आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल

१५ फेब्रुवारी २०१२ ला मिश्रण आत सोडायला सुरुवात झाली. तळाशी दाब ९८ बारच्या आसपास राखला, म्हणजे साठ्याच्या दाबापेक्षा बराच वर पण थर फुटेल इतका नाही. सुरुवातीला वायू आत शिरायचा वेग घसरला. बूच बसतंय की काय, अशी धास्ती तेव्हा सगळ्यांनाच वाटली असणार. मग वेग सावरला आणि सावकाश वाढत गेला. तेरा दिवसांत १,६७,३०० घनफूट नायट्रोजन आणि ४८,६०० घनफूट कार्बन डायऑक्साइड आत गेला. आपल्या मापात सांगायचं तर ४,७४० आणि १,३७५ घनमीटर.

थोडे दिवस विहीर बंद ठेवून ४ मार्चला तोंड उघडलं. इथे योजनेला दाद द्यायला हवी, कारण दाब पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायचा बेत होता. आधी विहीर आपोआप वाहू द्यायची. नंतर जेट पंप लावायचा, पण दाब मिथेन हायड्रेट ज्याखाली मोडतं त्या रेषेच्या वर ठेवायचा. या टप्प्यात मिथेन आला तर तो निव्वळ दाब उतरल्यामुळे आला असं म्हणता येणार नाही. शेवटी त्या रेषेच्या खाली उतरायचं.

जेट पंपाला हलणारा भाग नसतो. वरून जोराने सोडलेलं पाणी एका बारीक तोटीतून जातं आणि तिथल्या ओढीने खालचं पाणी आणि वायू वर खेचले जातात. वाळू आणि बर्फ दोन्हींशी गाठ असलेल्या विहिरीत असा साधा पंप बरा. तरीही काम सलग चालू राहिलं नाही, मधे खंड पडले. शेवटचा टप्पा मात्र सुमारे १९ दिवस अखंड चालला आणि ११ एप्रिलला उपसा थांबला. त्याआधी मिथेन हायड्रेटमधून वायू काढायची सर्वांत लांबलेली चाचणी कॅनडातल्या मॅलिक इथली होती, जेमतेम सहा दिवसांची.

पहिल्यांदा बाहेर आला तो मुख्यतः आत सोडलेला नायट्रोजन. हळूहळू मिथेनचा वाटा वाढत गेला. वायूबरोबर १,१३६ पिंप पाणी आलं, म्हणजे सुमारे १८० घनमीटर, आणि ६७ पिंप वाळू.

हिशेबाची वही

आता जमाखर्च मांडू. आत गेलेल्या नायट्रोजनपैकी ७० टक्के परत आला, कार्बन डायऑक्साइडपैकी फक्त ४० टक्के.

आधी अदलाबदलीच्या बाजूने बोलू. आत सोडताना दर एक भाग कार्बन डायऑक्साइडमागे साडेतीन भागांच्या आसपास नायट्रोजन होता. बाहेर येताना हेच प्रमाण एकास सहा झालं. म्हणजे जमिनीखाली काहीतरी कार्बन डायऑक्साइडला वेचून ठेवून घेत होतं. पिंजऱ्यांनी पाहुणा निवडला याची ही सर्वांत ठोस खूण. मिथेनच्या रेषेच्या वर दाब असतानाही मिथेन येत होता, हीसुद्धा त्याच बाजूची साक्ष.

पण दोन्ही साक्षीदारांना उलटतपासणी आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात नायट्रोजनपेक्षा कित्येक पटींनी जास्त विरघळतो आणि त्या थरात मोकळं पाणी होतंच. राहून गेलेला काही वायू पिंजऱ्यात न जाता नुसता पाण्यात मुरलेला असू शकतो. किंवा त्या पाण्यापासून नवं हायड्रेट बनलं असेल. तेव्हा कार्बन डायऑक्साइड गाडला गेला हे खरं, पण त्याने मिथेनला बाहेर काढलं असं होत नाही. आणि रेषेच्या वरचा मिथेन नायट्रोजनच्या पोखरण्यानेही सुटू शकतो.

आता मूळ प्रश्न, कोहळ्याचा. जमिनीखाली राहिलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे २९ हजार घनफूट, नायट्रोजन ५० हजार. बेरीज ७९ हजार. यातला प्रत्येक रेणू मिथेनच्या एकेका रेणूच्या जागी बसला असं उदारपणे धरलं, तरी निघालेल्या ८ लाख ५५ हजार घनफूट मिथेनपैकी दहा टक्क्यांचाही हिशेब लागत नाही. आणखी उदार होऊन म्हणू की जो वायू परत आला तोही आधी पिंजऱ्यात बसून, मिथेनला हुसकावून, मग बाहेर पडला. तरी आत गेला होताच मुळी २ लाख १६ हजार. म्हणजे काहीही केलं तरी चौथ्या हिश्शाच्या पुढे अदलाबदल जात नाही. उरलेला तीन चतुर्थांश मिथेन पिंजरे मोडूनच आला.

पाण्याकडूनही हेच ऐकू येतं. निघालेला मिथेन साधारण २४,२०० घनमीटर. एवढा मिथेन सगळा हायड्रेट मोडून आला असं धरलं तर १६४ ने भागून सुमारे १४८ घनमीटर हायड्रेट मोडलं आणि त्यातून ११८ घनमीटरच्या आसपास पाणी सुटलं. प्रत्यक्षात आलं १८०. जास्तीचं पाणी थरात आधीपासून असलेलं म्हणून खपून जातं. याला पुरावा म्हणणार नाही, कारण मोकळं पाणी किती होतं यावर सगळं अवलंबून आहे. पण 'पाणी सुटत नाही, वाळू हलत नाही' या आश्वासनाशी १८० घनमीटर पाणी आणि दहाएक घनमीटर वाळू जुळत नाही एवढं नक्की.

कार्बन गाडण्याचा हिशेब तर आणखी उघडावाघडा आहे. २९ हजार घनफूट कार्बन डायऑक्साइड म्हणजे वजनाने दीड टन. निघालेला मिथेन जाळला तर त्यातून साधारण ४५ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. छोट्या चाचणीवर हा आकडा लादणं अन्यायाचं आहे, हे मान्य. पण शुद्ध एकास एक अदलाबदल झाली असती तर हे प्रमाण बरोबरीचं असायला हवं होतं आणि सगळ्या कल्पनेचं आकर्षण तिथेच होतं.

प्रयोगाची चूक कुठे

चूक म्हणण्यापेक्षा उणीव म्हणू. विहिरीत उपकरणांची कमतरता नव्हती. नळीच्या बाजूने प्रकाशतंतू सोडून खोलीनुसार तापमान मोजलं जात होतं, दाबमापक वेगवेगळ्या ठिकाणी बसवले होते. कमी होती ती तुलनेची. याच थरात, असाच दाब उतरवून, पण काहीही आत न सोडता किती मिथेन येतो हे सांगणारी दुसरी विहीर नव्हती. त्यामुळे 'मिश्रणाने किती फरक पडला' याचं उत्तर मोजून नाही, गणितातून काढावं लागलं. आणि गणितात शिरलं की हायड्रेट, दोन पाहुणे वायू, पाणी, उष्णता, वाळू सगळं एकाच वेळी बदलणार. ज्याचं गणिती प्रतिमान (मॉडेल) त्याच्या बाजूने बोलणार.

दुसरी उणीव भूमितीची. एकाच विहिरीतून आत सोडायचं आणि तिथूनच परत ओढायचं. असं केलं की वायू विहिरीभोवतीच्या थोड्याशाच भागात जाऊन येतो. खरी धंद्याची मांडणी म्हणजे एका विहिरीतून सोडायचं, दूरच्या दुसरीतून काढायचं. ती इथे तपासलीच गेली नाही. एका हंगामात, वितळणाऱ्या चौथऱ्यावर, पहिल्याच खेपेला दोन विहिरी मागणं जास्त झालं असतं हेही खरं.

तिसरी गोष्ट वेळेची. वाळूच्या कणाएवढ्या हायड्रेटच्या पृष्ठभागावर अदलाबदल पटकन होते. मग बाहेर मिश्र हायड्रेटचं कवच तयार होतं आणि आतल्या मिथेनला त्या घट्ट कवचातून रेणूरेणूने वाट काढावी लागते. एमआरआयमधल्या दंडगोलात हे चालून जातं, कारण तिथे वायू चारी बाजूंनी भिडतो आणि वाट पाहायला कुणाची हरकत नसते. तीन चतुर्थांश पोकळ्या भरलेल्या थरात वायू मोजक्या वाटांनीच फिरतो. त्या वाटांच्या भिंतींना तो भिडतो, आतल्या भरीव भागाला नाही.

शिवाय एक व्यवहाराची बाब, जी कल्पनेच्या चाहत्यांकडून फारशी ऐकू येत नाही. बाहेर आलेला वायू शुद्ध मिथेन नसतो. नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळलेले असतात, ते वेगळे काढायला संयंत्र हवं आणि ऊर्जा हवी. त्या आधी आत सोडायचा वायू तिथवर आणून दाबाखाली भरायचा. इतक्या दुर्गम जागी हा खर्च मिथेनच्या किमतीतून निघणं कठीण.

तरी प्रयोग वाया गेला असं मी म्हणणार नाही. मोकळ्या पाण्याच्या थरात बूच न बसवता मिश्रण आत जाऊ शकतं हे त्यानेच दाखवलं, आणि ते आधी कुणाला खात्रीने सांगता आलं नव्हतं. साठा कार्बन डायऑक्साइड वेचून ठेवतो हेही दिसलं. मिथेन बाजूला ठेवून फक्त कार्बन डायऑक्साइड हायड्रेटच्या रूपात गाडायचा असेल, तर त्या विचाराला इथला अनुभव उपयोगी आहे.

मिथेन काढण्यापुरता कौल मात्र पुढच्या निवडीतून कळतो. त्याच प्रुडो बे परिसरात अमेरिका आणि जपानने २०२३ मध्ये पुन्हा हायड्रेटची चाचणी सुरू केली, या वेळी दिवसांची नव्हे, कित्येक महिन्यांची. पद्धत निव्वळ दाब उतरवण्याची. आत काहीच सोडलं नाही. इग्निक सिकुमीची विहीर तोवर कधीच बुजवलेली होती. २०१२ मध्ये उपसा थांबल्यावर तिच्यात सिमेंट भरलं गेलं आणि तिचा बर्फाचा चौथरा त्याच उन्हाळ्यात वितळून टुंड्रात मिसळला.